निकितीनचा घोडा

पहाटे साडेपाचला रेवदंड्याहून एकटीच निघाले. जूनचा दुसरा आठवडा होता. खाडीवर ढग उतरले होते आणि नारळी-पोफळींतून पाणी ठिबकत होतं. निघण्याआधी इथल्या शाळेच्या आवारातल्या स्मारकस्तंभापुढे घटकाभर उभी राहिले. अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं ते स्मारक. वास्को द गामा कालिकतला यायच्या पंचवीसेक वर्षं आधी, १४७०च्या सुमारास, तो चौल बंदरात उतरला. बरोबर होता एक घोडा.

मी पशुवैद्य. पस्तीस वर्षं जनावरांत गेली. त्यामुळे त्याची प्रवासवही वाचताना माझा जीव त्या घोड्यात अडकला.

निकितीन मूळचा त्वेर शहरातला. व्होल्गेवर अस्त्राखानजवळ लूट होऊन तो नागवला होता. शंभर रुबल पडलेला हा घोडा, एवढीच त्याची आशा. दख्खनेत घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात, असं तो लिहितो. बहमनी सुलतानांच्या फौजेला घोडे हवे असत, म्हणून अरबस्तान-खुरासानहून ते गलबतांतून चौल-दाभोळला येत. खाऱ्या हवेत, हेलकाव्यांत आठवडेच्या आठवडे उभं राहिलेलं जनावर किनाऱ्यावर उतरायचं, आणि मग समोर सह्याद्री.

चौलहून पालीला आठ दिवस, पुढे उमरीला दहा, तिथून जुन्नरला आठवडाभर, असा हिशेब त्याने मांडलाय. मी नागोठण्यावरून नऊच्या आत पालीत पोचले. खोपोली, कर्जत, मुरबाड मागे टाकून माळशेजला लागले तेव्हा धुक्यात समोरच्या एसटीचे फक्त लाल दिवे दिसत होते. कड्यावरून आलेलं पाणी टपावर आदळत होतं. वळणाच्या कडेला गाडी थांबवली आणि दगडावर हात ठेवला. शेवाळलेला, निसरडा काळा पाषाण. असल्या चढावर घोडा लगामाला धरून, पुढे चालत, चुचकारत न्यावा लागतो. त्याचा एक पाय मुरगळला तर मालकाचा संसार बुडाला.

जुन्नरला निकितीन पोचला आणि पाऊस लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी नि चिखल. या ऋतूला तो हिवाळा म्हणतो, कारण घरात कोंडून घालणारा ऋतू त्याच्या गावी तोच. घोड्यांना इथे हरभरे घालतात, साखर-तेल घालून खिचडी शिजवतात, हेही त्याने टिपलंय. ते वाचून मला गलबलून आलं. ओल्या गोठ्यात खूर कुजू नयेत, पोटशूळ उठू नये म्हणून कुणीतरी अनोळखी माणूस त्या परदेशी जनावराची काळजी घेत होता.

जुन्नरच्या असदखानाने तो घोडा हिसकावला. धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, असं बजावून चार दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका ख्वाजा महंमदाने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. पुढे बिदरला तो विकला गेला. निकितीन दाभोळहून परत निघाला, पण त्वेरला पोचलाच नाही, स्मोलेन्स्कजवळ वारला.

दुपारी शिवनेरीच्या पायथ्याशी गाडी लावली. डोंगरावर जायची वाट इतकी अरुंद की दोघांना बरोबरीने चालता येत नाही, असं त्याने जुन्नरबद्दल लिहिलंय. साखळदंडाच्या वाटेवर ते आजही पटतं. मी एकेक पायरी चढले.

वरून कुकडीचं खोरं दिसतं. कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला. याच भीमेच्या काठी, समुद्रावरून आलेल्या अरबी रक्ताचा आणि इथल्या तट्टांचा संकर होऊन भीमथडीचा घोडा घडला: बुटका, काटक, मूठभर दाण्यावर घाट चढणारा. मराठ्यांचं घोडदळ त्याच्यावर उभं राहिलं. निकितीनने जिथे घोडे जन्मत नाहीत असं लिहिलं, तिथलीच ही पैदास. तिच्यामागे किती अनामिक मोतद्दार, खिचडी शिजवणारे हात आणि घाटात कायमचे बसलेले घोडे असतील.

उतरताना पाऊस वाढला. पायथ्याला एक धनगर आपलं तट्टू झाडाखाली घेऊन उभा होता. परवानगी घेऊन मी त्याचे चारही खूर उचलून पाहिले. कोरडे होते, स्वच्छ होते.