चेटकीण मीच होणार!

बालरंगभूमी म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच व्यक्तिमत्त्व विकास, सभाधीटपणा वगैरे शब्द काढतात. सुट्टीतल्या शिबिरांच्या जाहिरातीत हे शब्द असतातच. पण मराठीत मुलांचं नाटक सुरू झालं ते काही सभाधीटपणासाठी नव्हे, मंडळी.

तसं बघितलं तर नाटक कंपन्यांत मुलं आधीपासून होतीच. नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा सतरा वर्षांचे होते, मास्टर दीनानाथ १९१४ मध्ये गेले ते चौदाव्या वर्षी. केशवराव भोसले तर त्याहूनही लहान वयात कंपनीत दाखल झाले, आणि १९०८ मध्ये, अठराव्या वर्षी, ललितकलादर्श काढून मोकळे! आपण त्यांची गाणी आठवतो, पण घरदार आणि शाळा सुटलेली ती पोरं होती हे विसरतो. मुलं रंगमंचावर होती, पण नाटक मोठ्यांचं होतं. प्रेक्षागृहातल्या मुलाचा विचार कोणी केलेला नव्हता.

तो केला सुधा करमरकर यांनी. बालरंगभूमीचं शिक्षण त्या अमेरिकेत घेऊन आल्या आणि १९५९ मध्ये त्यांनी 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. 'लिटल थिएटर'चं हे पहिलं नाटक. लेखक होते रत्नाकर मतकरी, वय वर्षं वीस! मुलांना काय, काहीही चालतं, असं सुधाताईंना मान्य नव्हतं. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, सगळं मोठ्यांच्या नाटकाच्या तोडीचं हवं हा त्यांचा आग्रह. चेटकीण त्या स्वतः झाल्या होत्या. मतकरींनी पुढे १९६२ मध्ये स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. बँकेतली नोकरी सांभाळून हा माणूस मुलांसाठी राक्षस आणि चेटकिणी लिहीत राहिला. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या'... दिलीप प्रभावळकरांची चेटकीण याच 'अलबत्या गलबत्या'मधली.

तेंडुलकरांचं 'राजाराणीला घाम हवा' किंवा सई परांजपे यांची पुण्यातली बालनाट्यं यांवर स्वतंत्रपणे लिहायला हवं. आज नको.

एक शिक्षिका म्हणून मला या चेटकिणीचंच अप्रूप वाटत आलं आहे. आमच्या तालुक्याच्या गावात ही नाटकं येत नसत, पुस्तकं मात्र मिळत. स्नेहसंमेलनासाठी त्यातलं एखादं बसवायला घेतलं की पहिलं भांडण चेटकिणीवरून. राजकन्या व्हायला कोणी तयार नसे! वर्षभर गुणी म्हणून मिरवणाऱ्या मुलींना घसा खरवडून हसायचं असे, कोणाला तरी कढईत तळायची धमकी द्यायची असे. घरात आणि वर्गात ज्याला जागा नाही तो राग इथे राजरोस काढता येतो, वर टाळ्याही मिळतात. हे वक्तृत्व स्पर्धेत होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं. दोनच वाक्यं असलेला शिपाई चाळीस मिनिटं विंगेत उभा राहून बाकीच्यांचं ऐकत असतो. आपली वेळ कधी येते ते त्याला दुसऱ्याच्या बोलण्यावरूनच ओळखायचं असतं. वर्गात तासभर मी जे ओरडून शिकवू शकले नाही ते तो शिपाई तिथे आपोआप शिके. "नाटकापायी तास बुडतात," असं म्हणणारे सहकारी मला प्रत्येक शाळेत भेटले. अशांना विंगेत नेऊन उभं करावंसं वाटे.

१९८६ मध्ये पुण्यात निराळंच काही घडलं. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी मराठीत आणली. तिथे राक्षस नाही, जादू नाही, मुलांची कामं मोठी माणसं करतात आणि गोष्ट घडते ती घरातच. श्रीरंग गोडबोले यांच्या त्या नाटकाचं नावच 'छान छोटे वाईट्ट मोठे'! म्हणजे मुलांनी हसायचं आणि शेजारी बसलेल्या आईबापांनी अवघडायचं. आता चेटकीण कुठे राहते? तर घरातच, मोठ्यांच्या वागण्यात. कोणी म्हणतं की यामुळे मुलांची स्वप्नसृष्टी हिरावली जाते. मला तसं वाटत नाही. सात वर्षांच्या मुलाला राक्षस लागतो, दहा वर्षांच्या मुलाला आपल्या बाबांचा आवाज का चढतो याचं उत्तर लागतं. दोन्ही नाटकं हवीत.

मला खुपतं ते स्पर्धांचं. बक्षिसासाठी दिग्दर्शक बाहेरून येतो, मुलं त्याच्या आवाजात बोलतात, हातवारेही त्याचेच. पीटर स्लेड या इंग्रज अभ्यासकाने १९५४ मध्येच 'चाइल्ड ड्रामा' या पुस्तकात मुलाचं स्वतःचं नाट्य आणि मोठ्यांनी बसवलेलं नाटक यांतला फरक दाखवला होता. आपण तो फरक अजून मनावर घेतलेला नाही. शिवाय जिथे रंगमंचच नाही तिथल्या मुलांचं काय? मतकरींनी उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथली मुलं आपल्याच जगण्यावर नाटकं रचतात. २०२० मध्ये करोनाने मतकरींना नेलं.

त्याआधी, २०१८ मध्ये, 'अलबत्या गलबत्या' पुन्हा रंगमंचावर आलं होतं, चेटकीण वैभव मांगले. मी नातीला घेऊन गेले. सहा वर्षांची, इंग्रजी शाळेतली, मराठी अडखळत बोलणारी. चेटकीण मागून आली तशी ही खुर्चीवर उभी राहून ओरडली, "अरे, मागे बघ ना, मागे!" सगळं प्रेक्षागृहच ओरडत होतं. परतताना टॅक्सीत मी विचारलं, "भीती वाटली का गं?"

"नाही आजी. मला ते नाक कुठे मिळेल?"