दोनदा बांधलेली लॉबी

टोकियोच्या हॉटेल ओकुराच्या लॉबीत मी दोनदा बसलोय. एकदा २०१३ मध्ये, एकदा २०२३ मध्ये. गंमत म्हणजे मधल्या काळात ती लॉबी पाडून झाली होती!

पहिल्या वेळी ऑनसाइटवर होतो आणि क्लायंटच्या माणसाची वाट बघत होतो. त्याला उशीर झाला हे माझं नशीब. पंचतारांकित म्हटलं की संगमरवर आणि भलंमोठं झुंबर डोळ्यांसमोर येतं. इथे तसलं काही नाही. प्राचीन जपानी दागिन्यांतल्या पैलूदार मण्यांच्या आकाराचे दिवे, माळेसारखे ओवून छतापासून सोडलेले. खिडक्यांना कागदी शोजी, त्यामुळे ऊन गाळून आत येणारं. बुटक्या गोल टेबलांभोवती पाच-पाच खुर्च्या. वरच्या सज्जातून खाली बघितलं आणि ट्यूब पेटली. प्रत्येक टेबल म्हणजे पाच पाकळ्यांचं प्लमचं फूल होतं!

ही लॉबी योशिरो तानिगुची यांची. हॉटेल उघडलं १९६२ साली, म्हणजे टोकियो ऑलिंपिकच्या दोन वर्षं आधी. तेव्हा सोपा मार्ग होता अमेरिकन हॉटेलची नक्कल करायचा. तानिगुचींनी आधुनिक वास्तुकलेतून सरळ आडव्या रेषा आणि मोकळी जागा घेतली, आणि जिथे नक्षी हवी तिथे ती घरचीच ठेवली. उदाहरणार्थ 'असानोहा' नावाची लाकडी जाळी. असानोहा म्हणजे चक्क भांगेचं पान. (हसू नका, जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या कपड्यांवरही हीच नक्षी असते.)

आता खरी गोष्ट. १९४० मध्ये तानिगुचींनी रोकुमेइकान ही मेइजी काळातली प्रसिद्ध इमारत पाडताना पाहिली. ते त्यांना इतकं लागलं की १९६५ मध्ये एका शाळूसोबत्याच्या साथीने त्यांनी इनुयामाला 'मेइजी-मुरा' हे संग्रहालय सुरू केलं. पाडायला निघालेल्या इमारती उचलून आणायच्या आणि तिथे पुन्हा उभ्या करायच्या. फ्रँक लॉइड राइटच्या इंपिरियल हॉटेलचा दर्शनी भाग आणि लॉबी आज तिथेच आहे.

आणि ज्याने हे सगळं केलं त्याचीच लॉबी पाडायचं २०१४ मध्ये जाहीर झालं. कारण पुन्हा ऑलिंपिक, या वेळी २०२० चं. जगभरातून सह्या झाल्या, 'मोनोकल' मासिकाने मोहीम चालवली. उपयोग शून्य. ऑगस्ट २०१५ अखेर मुख्य इमारत बंद झाली.

सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्या जागी ४१ मजली टॉवर उघडला. त्यातली लॉबी केली योशिओ तानिगुची यांनी, म्हणजे योशिरोंच्या मुलाने. हा काही ऐरागैरा मुलगा नव्हे. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाचा २००४ चा विस्तार त्याचा. मनात आणलं असतं तर स्वतःचं काहीतरी करता आलं असतं. त्याने वडिलांचंच पुन्हा केलं. तेच दिवे, तीच फुलं, तीच जाळी.

दुसऱ्या वेळी मी टेस्टिंगवाल्यासारखा बग शोधत बसलो होतो. लाकूड जरा जास्तच नवं वाटलं, बस्स. खरं सांगायचं तर मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मेइजी-मुराही मी पाहिलंय. राइटची लॉबी सुंदरच आहे, पण ती आपण तिकीट काढून बघतो. तिथे खोली घ्यायला कोणी येत नाही. इथे माझ्या शेजारच्या फुलावर एक आजोबा हातात टोपी घेऊन कोणाची तरी वाट बघत बसले होते. मी कॉफी संपवून उठलो तेव्हा ते तिथेच होते.