निद्रा व श्वसनसाहाय्य वैद्यक

निद्रा व श्वसनसाहाय्य वैद्यक ही वैद्यकशास्त्राची एक शाखा आहे. झोपेत उद्भवणारे श्वासाचे विकार आणि स्वतःचा श्वास अपुरा पडलेल्या रुग्णांना यंत्राने दिला जाणारा श्वास हे तिचे दोन प्रमुख विषय होत. श्वसनविकारशास्त्राचा भाग असलेल्या या शाखेचा अतिदक्षता वैद्यक, बधिरीकरणशास्त्र, मज्जासंस्थाविकारशास्त्र, कान-नाक-घसा शास्त्र आणि बालरोगशास्त्र यांच्याशी निकटचा संबंध आहे. या शाखेत काम करणारा डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात घोरणारे व दिवसा पेंगणारे रुग्ण तपासतो, तसेच अतिदक्षता कक्षात व्हेंटिलेटरवरील रुग्णांची जबाबदारी सांभाळतो. अमरावती, अकोला आणि एकूण वऱ्हाडात फवारणीतील विषबाधा, मण्यार या सापाचा दंश, चुलीचा धूर, कापसाची धूळ आणि मेळघाटातील अपुऱ्या दिवसांची बाळे यांमुळे या कामाला खास स्थानिक स्वरूप आले आहे.

झोप आणि श्वास यांचा संबंध

जागेपणी माणूस मनात आणल्यास श्वास वाढवू किंवा रोखू शकतो. झोपेत मात्र श्वासाचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडेच राहते. घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासमार्ग अरुंद होतो. स्वप्नांच्या अवस्थेत श्वासपटलाखेरीज शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल होतात. त्यामुळे ज्याचा श्वास मुळातच दुबळा आहे, त्याची उणीव प्रथम रात्री उघड होते. स्नायूंच्या आजारातील रुग्णाला दिवसा दम लागण्याच्या कितीतरी आधी सकाळची डोकेदुखी, दचकून जागे होणे आणि दिवसाची सुस्ती ही लक्षणे जाणवू शकतात. झोपेचा तज्ज्ञ आणि श्वसनयंत्राचा तज्ज्ञ अनेक ठिकाणी एकच असतो, त्याचे हे मुख्य कारण होय.

इतिहास

यांत्रिक श्वसनाचा आधुनिक इतिहास पोलिओच्या साथींशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर यांनी तयार केलेले लोखंडी फुप्फुस प्रथम रुग्णासाठी वापरले गेले. त्यात मानेखालचे सर्व शरीर एका पेटीत असे आणि पेटीतील हवेचा दाब कमी-जास्त करून छाती फुलवली जाई. १९५२ मध्ये कोपनहेगन येथील साथीत अशा पेट्या अत्यंत अपुऱ्या पडल्या. तेव्हा बियॉर्न इब्सेन या बधिरीकरणतज्ज्ञाने श्वासनलिकेत छेद घेऊन नळीवाटे फुप्फुसात हवा ढकलण्याचा मार्ग सुचविला. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. आजचा अतिदक्षता कक्ष या प्रयोगातून जन्माला आला, असे मानले जाते.

निद्राशास्त्राची वाटचाल काही काळ स्वतंत्रपणे झाली. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये शिकागो येथे युजीन असेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचाली असलेली निद्रावस्था नोंदविली. झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या विकाराचे मोजमापासह वर्णन १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी स्वतंत्रपणे केले. त्या काळी गंभीर रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवणे हाच खात्रीचा उपाय होता. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरील मास्कमधून सतत हवेचा दाब देण्याची पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. हीच पद्धत आज सीपॅप या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्रात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांचा केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपेतील श्वासविकाराचे प्रमाण १९.५ टक्के, तर लक्षणांसह निद्राश्वासरोधाचे प्रमाण ७.५ टक्के आढळले.

निदान

निद्राश्वासरोध, म्हणजेच स्लीप ॲप्निया, या विकाराचे निदान बहुधा रुग्णाच्या घरच्यांच्या सांगण्यातून सुरू होते. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे हा समज सर्वत्र रूढ असल्याने रुग्ण स्वतःहून क्वचितच येतो. घोरणे एकाएकी थांबते, काही क्षण शांतता पसरते आणि मग मोठा उसासा टाकून श्वास परत येतो, असे वर्णन शेजारी झोपणारी व्यक्तीच करू शकते. रक्तदाब औषधांनी आटोक्यात न येणे, रात्री वारंवार लघवीला उठणे आणि विसराळूपणा या तक्रारींमागेही हा विकार असू शकतो.

दिवसाची झोपाळूता मोजण्यासाठी १९९१ पासून वापरात असलेल्या एपवर्थ प्रश्नावलीत आठ प्रसंग असून तिचे एकूण गुण २४ असतात. १० पेक्षा अधिक गुण असल्यास पुढील तपासणी सुचविली जाते. तिच्यातील मोटारीसंबंधीचे प्रश्न खेड्यातील अनेक रुग्णांना लागू पडत नाहीत. अशा वेळी एसटीत, कीर्तनात किंवा दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो का, असे विचारणे उपयुक्त ठरते.

निश्चित निदानासाठी पॉलिसोम्नोग्राफी ही रात्रभराची तपासणी केली जाते. तिच्यात मेंदूच्या लहरी, डोळ्यांची व हनुवटीच्या स्नायूंची हालचाल, नाकातील हवेचा प्रवाह, छाती व पोटाची हालचाल, हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू यांची एकत्र नोंद होते. किमान १० सेकंद हवेचा प्रवाह जवळजवळ बंद राहिल्यास तो एक श्वासरोध धरतात. पूर्ण व अंशतः अडलेल्या श्वासांची तासाची सरासरी ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० वा अधिक असल्यास तीव्र समजला जातो.

उपचार व उपकरणे

सीपॅप यंत्र श्वासमार्गात सतत एकसारखा दाब ठेवते व घसा मिटू देत नाही. ते औषधाप्रमाणे रोग बरा करत नाही; ज्या रात्री मास्क लावला त्या रात्रीपुरताच त्याचा लाभ होतो. म्हणून मास्कचे माप, नाकाचा कोरडेपणा आणि कोंडल्यासारखे वाटणे यांकडे लक्ष देणे हा उपचाराचाच भाग ठरतो. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे आणि मद्य टाळणे यांचाही उपयोग होतो. अशा रुग्णाने तज्ज्ञांच्या सल्ल्याविना झोपेची गोळी घेणे धोक्याचे असते.

बायपॅप यंत्र श्वास घेताना अधिक व सोडताना कमी असा दोन पातळ्यांचा दाब देते. दीर्घकालीन श्वासनलिकारोगात रक्तातील कर्बवायू वाढलेल्या रुग्णाला त्यामुळे नळी घालण्याची वेळ अनेकदा टळते. अशा रुग्णांत प्राणवायूची पातळी साधारणपणे ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, कारण सढळ हाताने दिलेल्या प्राणवायूने कर्बवायू आणखी वाढू शकतो.

रुग्ण बेशुद्ध असल्यास, घशातील स्राव गिळू शकत नसल्यास किंवा मास्कने भागत नसल्यास श्वासनलिकेत नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवतात. फुप्फुसांना गंभीर सूज असताना प्रत्येक श्वासातील हवा अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे सुमारे ६ मिलिलिटर इतकी मर्यादित ठेवली जाते. हे वजन रुग्णाच्या उंचीवरून काढतात, कारण शरीर स्थूल झाले तरी फुप्फुसे वाढत नाहीत. यंत्र लावण्याइतकेच ते काढण्याच्या वेळेचे महत्त्व आहे. त्यासाठी रुग्णाला दररोज काही काळ स्वतः श्वास घेऊ देऊन त्याची चाचणी घेतली जाते.

वऱ्हाडातील कार्य

फवारणीतील विषबाधा. कापूस हे वऱ्हाडाचे प्रमुख पीक आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण दगावले. या प्रकरणाच्या चौकशीसाठी राज्य शासनाने अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जातंतू व स्नायू यांच्यातील संदेशवहन बिघडवतात. त्यामुळे फुप्फुसांत स्राव साचतो आणि श्वासाचे स्नायू थकतात. ॲट्रोपिनने स्राव आटोक्यात येऊन रुग्ण सावरल्यासारखा दिसतो. तथापि २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान व छातीचे स्नायू पुन्हा दुबळे होऊन श्वास बंद पडू शकतो. १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी वर्णन केलेली ही अवस्था घरी जाण्याची घाई करणाऱ्या रुग्णाच्या जिवावर बेतते. उशीवरून डोके उचलता येते का आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे तासातासाला पाहणे हा तिच्यावरील साधा पण मोलाचा पहारा आहे. आकडे कमी होऊ लागले की यंत्राची तयारी करावी लागते.

सर्पदंश. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाच्या जागी वेदना व सूज अत्यल्प असते. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, बोबडे बोलणे आणि मग श्वास मंदावणे असा क्रम दिसतो. भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवर एकच प्रतिविष वापरतात. मात्र मण्याराच्या विषाने एकदा मज्जातंतूंची टोके निकामी झाली की ती सुधारण्यास काही दिवस लागतात. तोपर्यंत व्हेंटिलेटर हाच आधार असतो. या काळात रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, तरीही त्याला सर्व ऐकू येत असू शकते. बाहुल्याही प्रतिसाद देत नसल्याने मेंदू मृत झाल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका असतो. म्हणून दंशाची शक्यता तपासल्याशिवाय यंत्र काढण्याचा विचार करू नये, असा दंडक आहे.

धूर व धूळ. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांमध्ये कधीही विडी न ओढता दीर्घकालीन श्वासनलिकारोग आढळतो. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा अधिसूचित व्यवसायजन्य रोग आहे. सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे वैशिष्ट्य असून, जिनिंग कामगारांची तपासणी करताना कामाचा दिवस व वेळ विचारणे आवश्यक ठरते.

नवजात बालके. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांत ती उघडी ठेवणारा स्निग्ध पदार्थ पुरेसा नसतो. बबल सीपॅप या साध्या साधनात श्वास सोडण्याच्या नळीचे टोक पाण्यात बुडवून दाब राखला जातो. धारणी व चिखलदरा या मेळघाटातील तालुक्यांतून अमरावतीला येण्यासाठी घाटरस्त्याने कित्येक तास लागतात. त्यामुळे बाळाला ऊब देणे आणि वाटेत श्वास टिकवणे हे उपचाराचे पहिले पाऊल असते.

वाहनचालक. अमरावती व अकोला मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर वसलेली आहेत. २०२२ मध्ये या दोन शहरांदरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकल्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. लांब, सरळ रस्त्यावर निद्राश्वासरोध असलेल्या चालकाला डुलकी लागण्याचा धोका अधिक असतो. निदान सांगितल्यास रोजगार जाईल या भीतीने चालक लक्षणे लपवतात, ही या क्षेत्रातील सर्वत्र आढळणारी अडचण आहे.

कोविड-१९. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अकोला येथे रुग्णसंख्या वेगाने वाढून टाळेबंदी लागू झाली. राज्यात दुसऱ्या लाटेची चाहूल प्रथम लागलेल्या भागांत हे जिल्हे होते. या काळात पालथे झोपवणे, उच्च प्रवाहाचा प्राणवायू आणि बायपॅप यांचा वापर सर्वपरिचित झाला.

संस्था व शिक्षण

अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले असून सर्वोपचार रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून कार्यरत आहे. शासकीय क्षेत्रात इर्विन या नावाने परिचित असलेले जिल्हा सामान्य रुग्णालय आणि विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. अमरावती, बुलढाणा व वाशीम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

या क्षेत्रात येण्यासाठी एमबीबीएसनंतर श्वसनविकारशास्त्र, सामान्य वैद्यक किंवा बधिरीकरणशास्त्रात तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतली जाते. त्यापुढे श्वसनविकार किंवा अतिदक्षता विषयात तीन वर्षांचा अतिविशेष अभ्यासक्रम उपलब्ध आहे. परिचारिका, निद्रातंत्रज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ हे या कामाचे अविभाज्य घटक होत.

मर्यादा व नैतिक प्रश्न

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. तो उपचारासाठी अवधी मिळवून देतो. विषबाधा किंवा मण्यारदंश झालेला तरुण काही दिवसांच्या यंत्रश्वसनानंतर चालत घरी जाऊ शकतो. फुप्फुसे कायमची निकामी झालेल्या रुग्णाला मात्र तोच अवधी निव्वळ यातनांचा ठरू शकतो. हा भेद कुटुंबाला वेळीच व स्पष्ट शब्दांत सांगणे ही डॉक्टरची जबाबदारी मानली जाते. खर्चाच्या धास्तीने बरा होऊ शकणारा रुग्ण अर्ध्यावर घरी नेला जाणे आणि आशेपोटी बरा न होणारा रुग्ण यंत्रावर ठेवला जाणे, या दोन्ही गोष्टी घडतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय पूर्वनिर्देश यांना मान्यता दिली व २०२३ मध्ये त्यांची प्रक्रिया सुलभ केली.

घरगुती यंत्रांना अखंड वीज लागते. भारनियमनाच्या काळात बॅटरीची सोय नसल्यास उपचार खंडित होतो. निद्रा तपासणी व तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने ग्रामीण रुग्णाचे निदान उशिरा होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला लावायचे प्राणवायूमापक, हाताने दाबायची श्वसनपिशवी आणि ती वापरण्याचा सराव असलेली व्यक्ती उपलब्ध असणे, हे दूरच्या व्हेंटिलेटरपर्यंत रुग्ण जिवंत पोहोचण्यासाठी निर्णायक ठरते.