आधी गोळी, मग नळी

निवडणूक लागली की शिरूर-दौंडच्या पोलीस ठाण्यांत परवान्याच्या बंदुका जमा होऊ लागतात. त्यांतल्या जुन्या शिकारी बंदुकीची नोंद ठरलेली : ‘डीबीबीएल, १२ बोअर’. म्हणजे मागून काडतूस भरायची दुनळी.

दुनळीची कहाणी तशी सर्वपरिचित आहे. शिरूरला घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती, तेव्हाच्या बंदुका ठासणीच्याच असणार. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर मागून भरायची बंदूक इंग्लंडात रुजली. १८७५मध्ये अँसन आणि डीली या इंग्रज बंदूक-कारागिरांनी घोडे आत लपवले. पुढे संस्थानिकांनी लंडनहून दुनळ्या मागवल्या. इंग्लंडातल्या एल्व्हेडनला तितर टिपणारे महाराजा दुलीपसिंग लंडनच्या पर्डी कंपनीची बंदूक वापरत.

खरी गंमत त्या ‘१२’मध्ये आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडायच्या. त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या पाडल्या तर गोळी लहान, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद. मोजायची नळी, पण माप गोळीचं!

‘बंदूक’ या शब्दातही तीच गोळी बसली आहे.

काही जण हा शब्द व्हेनिसला नेऊन भिडवतात. अरबीत त्या शहराचं नाव ‘अल्-बुंदुकिय्या’, आणि बंदुकीलाही ‘बुंदुकिय्या’च म्हणतात. तेव्हा हे हत्यार व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी आणलं असणार, असा तर्क. जुळणी मोहक आहे, पण कालक्रम आडवा येतो. १२६०मध्ये इजिप्तचा सुलतान झालेला बैबर्स ‘अल्-बुंदुकदारी’ म्हणवला जाई, कारण त्याचा आधीचा धनी ‘बुंदुकदार’ होता : गोळ्या फेकणारं धनुष्य सांभाळणारा सरदार. हातातली बंदूक तिथे अजून यायची होती.

बुंदुक म्हणजे हेझलनट. काळ्या समुद्राकाठच्या या फळाला ग्रीक लोक ‘पाँटसचं कवचफळ’ म्हणत. ‘पाँटिकॉन’चंच अरबीत बुंदुक झालं. तेवढ्याच आकाराच्या मातीच्या गोळीलाही तेच नाव पडलं. ती गोळी धनुष्याने पाखरांवर सोडत. आपल्याकडची जुनी गलोल म्हणजे असंच धनुष्य. बगदादचा खलिफा अन्-नासिर (११८०–१२२५) याने या पक्षी टिपण्याच्या खेळाला दरबारी इभ्रत दिली. म्हणजे नळीचा पत्ता नव्हता, तेव्हाही बुंदुक हा उमरावांच्या शिकारीचाच शब्द होता.

मधला दुवाही हाताशी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या मामलुक राजवटीतल्या लिखाणात हातबंदुकीसाठी ‘बुंदुक अर्-रसास’, म्हणजे शिशाची गोळी, असा शब्द येतो. पुढे शिसं गळालं, गोळीचं नाव हत्याराला चिकटलं आणि फारसीतून मराठीत उतरलं. ‘काडतूस’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडचा.

घराण्याची अशी एखादी दुनळी हाती आली, तर दस्त्याच्या खालच्या बाजूला धातूची लंबगोल टिकली दिसते. तिच्यावर मालकाच्या नावाची अक्षरं किंवा राजचिन्ह. खटका सरकवून नळ्या खाली झुकवाव्यात, मग त्या सुट्या करून उलट्या धराव्यात. तेलाने काळवंडलेल्या पोलादात, एका छोट्या शंकरपाळी चौकटीत, ठसा उमटलेला असतो : १२.