बाणाचे पाते आणि सावजाचा माग : ईशी व सॅक्स्टन पोप

धनुष्यबाणाच्या शिकारीत बाण लागणे आणि सावज हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बंदुकीच्या गोळीचा आघात बाणाला नसतो. तो मारतो रक्तस्रावाने. म्हणून वर्मी बाण लागलेले हरीणही काही अंतर धावते आणि माग हरवल्यास रानातच कुजून जाते. ही हानी टाळण्याचे पिढीजात ज्ञान अमेरिकेत अभ्यासाचा विषय कसे झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे याही जमातीचा एक एकाकी पुरुष सापडला. वसाहतवाल्यांच्या कत्तलींत त्याचे लोक संपले होते. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'ईशी', म्हणजे त्याच्या भाषेत 'माणूस', हे नाव दिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांच्याशी त्याचा स्नेह जडला. ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेचे कपचे दाबून काढीत पाते घडविणे, दबा धरणे, अगदी जवळून बाण सोडणे हे पोप त्याच्याकडून शिकले. शस्त्रक्रियेच्या धारेची पारख असलेल्या माणसाला हा गुरू लाभावा, हा योग विलक्षणच होय.

१९१६ मध्ये ईशी क्षयाने वारला. पोप यांनी विविध जमातींची धनुष्ये व बाण तपासून आपले निष्कर्ष १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. हरणाच्या कातड्याने मढविलेल्या खोक्यात गाईचे यकृत भरून त्यांनी त्यात बाण सोडले, तेव्हा ऑब्सिडियनचे पाते पोलादी पात्याहून अधिक खोल गेले. तथापि काच ठिसूळ असते, हाडावर आदळून ती फुटते. मोठ्या सावजासाठी पोप यांनी रुंद पोलादी पातेच वापरले. १९२० मध्ये यलोस्टोन येथे त्यांनी व आर्थर यंग यांनी संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वले मारली, ती अशाच बाणांनी.

येथे पात्याइतकेच बाणाच्या वजनाचेही महत्त्व आहे. जड बाण वेग कमी असूनही आरपार जातो. शरीराच्या खालच्या बाजूस दुसरे छिद्र पडले की रक्त जमिनीवर सांडते आणि माग स्पष्ट होतो. बाण आतच अडकला, तर जखम बुजून रक्त आतच साठण्याचा संभव असतो. बोथट पाते रक्तवाहिनी कापण्याऐवजी बाजूला सारते. म्हणून धार ही येथे केवळ कौशल्याची बाब राहत नाही, ती प्राण्याच्या यातनेशी निगडित आहे.

विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये धनुर्धरांसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. शिकाऱ्यांची संख्या वाढली, तशी प्रत्येकाने कानशीने पाते नीट परजलेले असेलच याची खात्री उरली नाही. फ्रेड बेअर यांच्या कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या 'रेझरहेड' पात्यात बदलता येणारी पातळ धारदार पट्टी होती, तिचे मूळ या अडचणीत दिसते. नेम चुकून बाण पोटात शिरल्यास मात्र पात्याचा फारसा उपयोग होत नाही. बाणावरचा हिरवट मळ व दुर्गंधी पाहून जाणते शिकारी कित्येक तास थांबतात आणि मगच माग काढू लागतात.