हृदयशस्त्रक्रियेतील रक्तस्राव : कोणते साधन कशासाठी?

हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रिया आता धुळे-जळगावच्या सामान्य कुटुंबांच्याही आवाक्यात आल्या आहेत. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या आजच्या योजनेतही हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. अशा शस्त्रक्रियेत रक्तस्राव रोखण्यासाठी कोणती साधने वापरतात, हे नातेवाइकांना ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्त यंत्रातून फिरवले जाते. ते गोठू नये म्हणून हेपारिन देतात आणि शेवटी प्रोटामाइनने त्याचा परिणाम उतरवतात. मात्र यंत्राच्या संपर्काने रक्तातील बिंबिका दुबळ्या होतात आणि तयार झालेल्या गुठळ्याही लवकर विरघळतात.

शिरेतून द्यावयाची औषधे : ट्रॅनेक्झॅमिक आम्ल गुठळी विरघळू देत नाही. ४,६३१ रुग्णांवरील २०१७ च्या चाचणीत त्याने रक्तस्राव घटला. मात्र झटके येण्याचे प्रमाण ०.१ वरून ०.७ टक्क्यांवर गेले. गुरांच्या फुप्फुसांपासून मिळणारे ॲप्रोटिनिन प्रभावी मानले जाई. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ६ टक्के, तर ट्रॅनेक्झॅमिक आम्ल घेणाऱ्यांपैकी ३.९ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. युरोपीय औषध संस्थेने २०१२ मध्ये त्याच्या मर्यादित वापरास अनुकूलता दर्शवली.

जागेवर लावावयाची साधने : कापसाचा मुख्य घटक असलेल्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेली जाळी झिरपते रक्त थोपवते व शरीरात विरघळते, मज्जारज्जूजवळ राहिल्यास मात्र ती फुगून दाब देऊ शकते. मानवी रक्तद्रवातील घटकांपासून केलेला फायब्रिन गोंद टाक्यांच्या रेषेवर उपयोगी पडतो, पण तो महाग असतो. उरोस्थीच्या कडांवर चोळले जाणारे बोन वॅक्स स्वस्त आहे. ते शरीरात विरघळत नाही आणि हाड जुळण्यात अडथळा आणू शकते.

यांपैकी कोणतेही साधन नीट घातलेल्या टाक्याची जागा घेत नाही. मोठी रक्तवाहिनी वाहत असेल, तर ती बांधावीच लागते. महागडे साधन म्हणजे अधिक सुरक्षित, असेही नाही.

रुग्णाने रक्त पातळ करणाऱ्या सर्व गोळ्यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. क्लोपिडोग्रेल साधारणपणे ५ दिवस अगोदर थांबवतात. परंतु तो निर्णय डॉक्टरांचाच असावा. गोळी परस्पर बंद केल्यास हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो.