बंदर मागे पडले, वाट उरली : पनवेल ते बोरघाट

१/ लोधिवलीजवळून जाणारा जुना मुंबई–पुणे रस्ता आज साधा महामार्ग वाटतो. पण दोनशे वर्षांपूर्वी याच दिशेने जाणारी वाट एका बंदराची जीवनवाहिनी होती. ते बंदर म्हणजे खाडीकाठचे पनवेल.

२/ मुंबई हे बेट. पुण्यास जाणारा प्रवासी भरती साधून मचव्याने पनवेलला उतरे आणि चौक, खोपोलीमार्गे बोरघाट चढे. देशावरचा कापूस खाली येई, कोकणातले मीठ वर जाई. होडीतला माल बैलांवर वा गाड्यांवर लादावाच लागे. या अदलाबदलीवरच पनवेल पोसले. गाड्यांची चाके घडवण्यासाठी ते नावाजले, यात नवल नाही.

३/ या वाटेने सैन्यही गेले. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज पनवेलमार्गे घाट चढली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास मराठ्यांनी तिला कोंडून तह करण्यास भाग पाडले.

४/ पुढे घाट इंग्रजांच्या ताब्यात आला. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि बंदराची भरभराट वाढली. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली.

५/ पुढच्याच वर्षी मुंबई–ठाणे रेल्वे धावली. लोहमार्ग कल्याण, कर्जतवरून गेला. पनवेल बाजूला राहिले. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीस पोहोचली, १८६३ मध्ये तिने बोरघाट ओलांडला. पुण्याचा माल आता होडीत न चढताच मुंबईस पोहोचू लागला. कोणी हल्ला केला नाही, कोणी जाळपोळ केली नाही. तरी बंदराचे महत्त्व ओसरले.

६/ वाट तुटली की बंदर सुकते, हे दूर सायबेरियातही घडले. तैगाच्या उत्तर सीमेजवळ, ताझ नदीवर १६०१ च्या सुमारास वसलेले मंगाझेया मौल्यवान कातड्यांच्या व्यापारावर श्रीमंत झाले. झारच्या सरकारने १६१९ मध्ये तिथला सागरी मार्ग बंद केला. १६७२ मध्ये ते नगर सोडून देण्यात आले.

७/ पनवेल मात्र ओस पडले नाही, कारण घाटाकडची वाट शाबूत होती. १९८९ मध्ये जवळच न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले. पूर्वी बैलांच्या तांड्यांनी तुडवलेल्या या पट्ट्यातून आता कंटेनर घाटाकडे जातात.